पाच पिनांवरून तीनवर

मिशिगनमध्ये थ्री-डी तिरंदाजी (प्राण्यांच्या फोमच्या पुतळ्यांवर नेम धरायचा खेळ) सुरू केली तेव्हा माझ्या कंपाउंड बोवर, म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्यावर, पाच पिनांची साईट होती. साईट म्हणजे नेम धरायची रिंग; तिच्यातल्या प्रत्येक पिनेचा ठिपका एका अंतरासाठी, वरून खाली: २०, ३०, ४०, ५०, ६० यार्ड. जास्त पिना म्हणजे जास्त अचूकपणा, असंच मला वाटायचं.

रानातल्या वाटेवर फोमचं हरीण उभं होतं. अंतर लिहिलेलं नव्हतं. माझा अंदाज ३० यार्ड, आणि तो बरोबर होता. तरी बाण हरणाच्या पाठीवरून सूं करत गेला. धनुष्याचा ताण धरलेला, झाडाखाली अंधुक उजेड, आणि साईटच्या रिंगमध्ये एकाखाली एक पाच ठिपके. वरून दुसरा धरायचा तो मी तिसरा धरला होता! शिवाय खालच्या पिनांनी हरणाचं अर्धं अंग झाकलं जायचं.

घरी ॲलन की घेऊन खालच्या दोन पिना काढल्या. उरलेल्या तीन २०, ३०, ४० ला ठेवल्या; मधली लाल, बाकी दोन हिरव्या. मग प्रत्येक अंतरावर तीन-तीन बाण मारून पुन्हा जुळवणी केली. बाण वर लागले तर पिन वर, खाली लागले तर खाली. २५ यार्डाला आता लाल पिन जराशी खाली धरतो.

४० च्या पुढे मी क्वचितच मारतो, त्यामुळे मला तीन पुरतात. सातारा-पुण्याकडे कंपाउंडवाले ५० मीटरवर मारतात; तिथे अंतर ठरलेलं, म्हणून भिंगातला एकच ठिपका पुरतो. साईट घेण्याआधी आपण कुठल्या अंतरावर खरोखर मारतो, ते आठवडाभर वहीत लिहून पाहा.