घरचा स्टोरेज सर्व्हर, कोल्हापूरच्या हिशेबानं

स्टोरेज सर्व्हर म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फाइल एका जागी ठेवणारं, नेटवर्कला जोडलेलं मशीन. आधी त्याची जागा ठरवा, मशीनचं नंतर बघू. कोल्हापुरात हा क्रम उलटा करून चालत नाही. पंचगंगेचं पाणी २००५ ला आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला परत आलं. शाहूपुरी, दुधाळी, सुतारवाडा, नागाळा पार्क इथल्या तळमजल्यावरच्यांना मी वेगळं काय सांगणार! माझं माहेर शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या लोखंडी कपाटातले अल्बम भिजले आणि पानं एकमेकांना चिकटली ती कायमची. मी लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ एडिट करते. दुसऱ्यांच्या घरचे मोलाचे क्षण माझ्या घरी ठेवलेले असतात, ती जबाबदारी मला मोठी वाटते.

तर जागा: वरचा मजला, भिंतीपासून वीतभर लांब, जमिनीपासून वर, स्वयंपाकघराच्या भिंतीला नको. बंद कपाटात कोंडू नका आणि पावसाळ्यात वरून प्लास्टिक तर अजिबात घालू नका, उष्णता आतच राहते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत मशीन चालूच ठेवलेलं बरं. चालू डिस्क आजूबाजूच्या हवेपेक्षा गरम असते, त्यामुळे तिच्यावर ओल धरत नाही. मागच्या मोकळ्या फटींना बारीक जाळी लावा, पाली आणि मुंग्या ऊब शोधत येतात.

मशीन दोन प्रकारचं मिळतं. दोन डिस्कचा तयार डबा घेतला तर तासाभरात काम सुरू होतं, पण पैसे जास्त लागतात. जुना ऑफिसचा डेस्कटॉप असेल तर त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट टाका, म्हणजे साध्या कॉम्प्युटरचा स्टोरेज सर्व्हर करणारं सॉफ्टवेअर. ते डेबियन लिनक्सवर चालतं, फुकट आहे, आणि माझ्याकडे राजारामपुरीत तेच आहे. बिलाचा अंदाज सोपा आहे: मशीन सरासरी २५ वॅट खात असेल, तर महिन्याला १८ युनिट. डिस्क दोन लागतात, एकीची प्रत दुसरीवर राहते. घेताना दुकानदाराला सीएमआर (डेटाच्या ओळी शेजारी-शेजारी लिहिणारी) आहे का, असं स्पष्ट विचारा. स्वस्तातली एसएमआर (ओळी एकमेकींवर चढवून लिहिणारी) डिस्क नुसती माल भरून ठेवायला चालते, पण जोडीतली एक गेल्यावर नवीन डिस्क भरायची वेळ आली की ती रडवते. दोन्ही डिस्क एकाच दिवशी एकाच खोक्यातून घेऊ नका. एका लॉटमध्ये खोट असली तर दोन्हीत निघते. आणि ४ टीबीची डिस्क मशीनमध्ये ३.६ च्या आसपास दिसते, ती फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे.

सिस्टिमसाठी एक छोटी एसएसडी वेगळी ठेवा, ओपनमीडियाव्हॉल्टला ती पूर्ण लागते. पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल करताना मोठ्या डिस्कच्या केबल काढून ठेवा, म्हणजे चुकून त्या पुसल्या जाणार नाहीत. नंतर दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून सर्व्हरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा नंबर) उघडा, पहिल्यांदा अ‍ॅडमिनचा मूळ पासवर्ड बदला आणि अपडेट घ्या. मग मशीन बंद करून मोठ्या डिस्कच्या केबल परत जोडा आणि दोन डिस्क मिळून बीटीआरएफएस फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइल मांडायची पद्धत) बनवा, प्रकार रेड-१ निवडा. म्हणजे प्रत्येक फाइल दोन्ही डिस्कवर लिहिली जाते. वर शेअर्ड फोल्डर करा, एसएमबी (घरातल्या इतर कॉम्प्युटर आणि टीव्हीला ते फोल्डर दाखवणारी सोय) चालू करा, घरातल्या प्रत्येकाला वेगळं नाव आणि पासवर्ड द्या. कामाच्या फोल्डरमध्ये लिहायचा हक्क फक्त तुमचा, बाकीच्यांना नुसतं बघायचा. राउटरमध्ये सर्व्हरला एकच आयपी पत्ता कायमचा बांधून द्या, नाहीतर लाइट जाऊन आली की पत्ता बदलू शकतो आणि टीव्हीवर फोटो दिसेनासे होतात.

केबलकडे फार थोडे लोक लक्ष देतात. पुष्कळ जुन्या राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे (सेकंदाला १०० मेगाबिट) असतात. त्यावरून ६० जीबीचं लग्न कॉपी करायला दीड तास जातो. राउटर आणि केबल दोन्ही गिगाबिटचं, म्हणजे दहापट वेगाचं, असलं की तेच काम दहा मिनिटांच्या आत उरकतं. वाय-फाय बघण्यापुरतं ठीक आहे, कॅमेऱ्याची कार्ड रिकामी करायला कॅट-६ प्रकारची नेटवर्क केबलच ओढा.

आता वीज. एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तो कडकडाट घेऊनच येतो. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस टाळू नका. इन्व्हर्टर वीज देतो, पण बॅटरी संपत आल्याचं सर्व्हरला कळवत नाही. यूएसबी पोर्ट असलेला यूपीएस घ्या आणि नट नावाचं प्लगइन लावा. मग बॅटरी उतरायला लागली की सर्व्हर आपला आपण नीट बंद होतो. राउटरही त्याच यूपीएसवर ठेवा. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून तपासून घ्या. आणि ढग दाटून आले की, गडगडाट सुरू व्हायच्या आधीच, सर्व्हर बंद करून प्लग काढाच, त्याबरोबर लॅनची (राउटरकडून येणारी) केबलही काढा. वीज तिकडूनही आत शिरते.

इथपर्यंत केलं की बऱ्याच जणांना काम झालं असं वाटतं. खरं काम इथून सुरू होतं. रेड-१ म्हणजे बॅकअप नव्हे. ते एक डिस्क मेली किंवा तिचा भाग खराब झाला तर वाचवतं, बाकी कशातूनही नाही. तुम्ही फोल्डर पुसलं तर ते दोन्हीकडून पुसतं, व्हायरसनं कुलूप घातलं तर दोन्हीकडं घालतं, पाणी शिरलं तर दोन्ही डिस्क एकत्रच भिजतात. चुकून पुसलेल्यासाठी स्नॅपशॉट, म्हणजे त्या घडीला फाइल जशा होत्या तशी नोंद, रोज घ्या. पण घराबाहेर एक प्रत हवीच. कोल्हापूरनं याची किंमत फार मोठी मोजली आहे. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे मूकपट याच गावात बनले आणि त्यातले बहुतेक आज कुणालाच बघता येत नाहीत.

माझ्याकडे बाहेरच्या दोन यूएसबी डिस्क आहेत. एक सर्व्हरशेजारी, एक गडहिंग्लजला बहिणीकडे, आणि त्यांची अदलाबदल होत राहते. दोन्ही एन्क्रिप्ट केलेल्या आहेत, म्हणजे पासवर्डशिवाय उघडत नाहीत, कारण त्यावर लोकांच्या घरचे फोटो आहेत. पासवर्ड कागदावर लिहून नवऱ्याकडे दिलाय. पासवर्ड हरवला तर डिस्क असून नसल्यासारखी. पावसाळ्यात मी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघूनच चालते. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पाणी ३९ च्या जवळ आलं की ताजी कॉपी काढायची आणि डिस्क गावाबाहेर पाठवायची. ४३ ची वाट बघत बसलात तर रस्ते बंद होतात. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच बंद पडला होता.

बाहेरगावाहून फाइल हवी म्हणून राउटरवर पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून थेट आत यायचं दार, उघडू नका. २०२१ च्या एप्रिलमध्ये क्यूलॉकर नावाच्या रॅन्समवेअरनं इंटरनेटवर उघड्या असलेल्या घरगुती सर्व्हरांच्या फाइल पासवर्ड घालून बंद केल्या आणि पैसे मागितले. त्याऐवजी टेलस्केल लावा, ते फक्त तुमच्या मोबाइल-लॅपटॉप आणि सर्व्हरमध्ये खासगी जोडणी करतं. आपल्याकडच्या बऱ्याच कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येणारा पत्ता) नसतो, तरी ते चालतं.

देखभालीला फार वेळ लागत नाही, पण ती चुकवू नका. स्क्रब महिन्यातून एकदा चालवा. तो प्रत्येक फाइल वाचून तपासतो आणि खराब भाग दुसऱ्या डिस्कवरून दुरुस्त करतो. स्मार्ट रिपोर्टमध्ये, म्हणजे डिस्कच्या तब्येतीच्या अहवालात, रीअ‍ॅलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) आणि पेंडिंग (वाचताना अडलेले) सेक्टर हे दोन आकडे शून्य असावेत. पेंडिंग वाढायला लागला की नवीन डिस्क मागवा, मरायची वाट बघू नका. ईमेलची सूचना चालू करून एक चाचणी मेल येतो का, ते बघा. आणि अधूनमधून बॅकअपच्या डिस्कवरून एखादं जुनं लग्न उघडून अक्षता पडेपर्यंत चालवून बघा. नुसती फाइलची नावं दिसली म्हणजे फाइल चांगली आहे असं नसतं.

शेवटचं काम आजच करा: प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर चिठ्ठीवर ठळक लिहून मशीनमध्ये ती डिस्क जिथं बसते तिथं बाहेरून दिसेल असा चिकटवा. डिस्क बिघडली की सॉफ्टवेअर फक्त नंबर सांगतं, आणि घाईत चांगली डिस्क बाहेर ओढली गेली तर सगळंच बंद पडतं.