सोअर शिकताना: किती पुढे जायचे, कोठे थांबायचे

दादरला दर शनिवारी माझ्याकडे संगणकशास्त्राची काही मुले-मुली सोअर शिकायला बसतात. जॉन लेअर्ड, ॲलन न्यूवेल आणि पॉल रोझेनब्लूम यांनी 1980 च्या दशकाच्या आरंभी कार्नेगी मेलन विद्यापीठात ही आकलन-रचना, म्हणजे माणसासारखा विचार करून निर्णय घेणारे प्रोग्राम (एजंट) बांधण्याची चौकट, उभारली आणि पुढे मिशिगन विद्यापीठात लेअर्ड यांच्या गटाने ती वाढवली. डिबगरच्या (प्रोग्राममधल्या चुका शोधण्याच्या साधनाच्या) खिडकीतली बटणे नवख्याला सोपी वाटतात. पण सुरुवात कमांड लाइनवर करावी असा माझा आग्रह असतो, कारण तेथे एजंट किती पुढे न्यायचा हे दर वेळी स्वतः ठरवून टंकावे लागते.

सारी भिस्त ‘रन’ या आज्ञेवर आहे. ‘रन -डी 1’ एजंटाला एका निर्णयचक्राइतके पुढे नेते. माहिती आत घेणे, ऑपरेटर (करता येण्याजोग्या कृती) सुचवणे, त्यांतील एक निवडणे, तो लागू करणे आणि उत्तर बाहेर पाठवणे, असे या चक्राचे पाच टप्पे आहेत. ‘-पी’ने एकेक टप्पा सरकतो. ‘-ई’ त्याहून बारीक आहे: एकाच टप्प्यात ‘अट जुळली तर हे कर’ अशा स्वरूपाचे नियम लाटांनी पेटतात, एका लाटेने स्मृतीत घातलेली भर पुढच्या नियमांना जागे करते, आणि त्यांतली एकेक लाट ‘-ई’मुळे वेगळी पाहता येते. नवख्यांना मात्र तिची गरज क्वचितच पडते. बहुतेक चुका ‘-डी’ आणि ‘-पी’ या दोहोंतच सापडतात.

पाच आणि तीन गॅलनच्या भांड्यांचे प्रसिद्ध कोडे घ्या. भांडे भरण्याचा ऑपरेटर निवडला जातो, पण तो लागू करणाऱ्या नियमाच्या अटीत गुणधर्माचे नाव चुकले आहे. अशा वेळी मोकळे ‘रन’ सोडले, तर ‘ऑपरेटर नो-चेंज’ ही कोंडी (ऑपरेटर निवडला, पण पुढे काहीच बदलत नाही) येऊन मूळ स्थिती एस1 खाली एस2 ही उप-स्थिती तयार होते, तिच्यात सुचवण्यासारखे काहीच नसल्याने एस3, मग एस4, आणि पडदा अशा ओळींनी भरून जातो. ती रांग वाचत बसण्यात अर्थ नाही, कारण दोष पहिल्याच पायरीत असतो. ‘-पी’ने निवडीच्या टप्प्यापर्यंत यावे, ‘प्रिंट एस1’ने स्थिती पाहावी आणि संशयित नियमाचे नाव देऊन ‘मॅचेस’ चालवावे. नियमाची कोणती अट जुळत नाही, ते तेथेच दिसते. चुकीचाच ऑपरेटर निवडला जात असेल, तर मात्र ऑपरेटरांना मिळालेल्या पसंती दाखवणारे ‘प्रेफरन्सेस’ पाहावे.

या कोड्यात सर्व ऑपरेटरांना समान पसंती दिली असेल, तर निवड यादृच्छिक होते आणि तुमची व शेजारच्याची पावले जुळत नाहीत. दोघांनी आधी ‘एसरँड’ने एकच बीजसंख्या (यादृच्छिक निवडींचा क्रम ठरवणारी संख्या) दिली, की तुलना करता येते. (हे न करता दोघे तासभर वाद घालतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.)

बाहेरच्या जगाशी जोडलेल्या एजंटासाठी ‘-ओ’ उपयोगी आहे: उत्तर बाहेर पडेपर्यंत तो चालतो, मात्र उत्तर न देणाऱ्या चक्रांना मूळ मर्यादा 15 ची असते. एकाच कर्नलमध्ये (एजंट चालवणाऱ्या सोअरच्या गाभ्यात) अनेक एजंट असतील आणि एकालाच हलवायचे असेल, तर ‘-एस’ जोडावे. त्या वेळी बाहेरचे जग आपोआप अद्ययावत होत नाही, ते हवे असल्यास ‘-यू’ही द्यावे लागते. आणि एखाद्या नियमाने ‘हॉल्ट’ करून एजंट थांबवल्यावर ‘रन’ कितीही वेळा टंकले तरी एजंट हलणार नाही. आधी एजंटाला पुन्हा आरंभाच्या स्थितीत आणणारे ‘इनिट-सोअर’ चालवावे लागते.