चार चॅनेलची वेव्ह फाइल: एक्स्पोर्ट केल्यावर सगळे आवाज मिसळतात? माझा अनुभव

नदीपात्रातल्या ढोल-ताशा सरावाचं चार चॅनेलचं रेकॉर्डिंग, म्हणजे एकाच वेव्ह (.wav) फाइलीत चार वेगळे आवाज. ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) चार मोनो, म्हणजे एकेका चॅनेलचे, ट्रॅक नीट दिसायचे, पण एक्स्पोर्ट केलं की एकच स्टिरिओ फाइल, सगळा गलका एकत्र. ऑनलाइन कन्व्हर्टर एवढी मोठी फाइल घेईनात. डोकं उठलं.

जमलं ते असं (आवृत्ती 3.4 किंवा पुढची): आधी प्रत्येक ट्रॅकला नाव द्या, माझी नावं ताशा, ढोल, टोल, झांज. मग फाइल मेनूत एक्स्पोर्ट ऑडिओ. फॉरमॅट वेव्ह, चॅनेल्स मोनो, सॅम्पल रेट मूळचाच (माझा 48000 हर्ट्झ). एन्कोडिंग नक्की बघा, तिथे बहुधा 16 बिट असतं. मूळ रेकॉर्डिंग 24 बिट असेल तर 24 निवडा. खाली एक्स्पोर्ट रेंजमध्ये ‘मल्टिपल फाइल्स’, त्यात ‘ट्रॅक्स’, आणि नाव ट्रॅकवरून. ट्रॅक मागेपुढे सरकवले असतील तर ‘ट्रिम ब्लँक स्पेस’ची खूण काढा, नाहीतर ताशा ढोलाच्या आधीच सुटतो.