एक्स्टर्नल हार्ड डिस्क रांगतेय? नवी घेण्याआधी पिना तपासा

रात्रभर चाललेल्या दशावताराचं रेकॉर्डिंग असो की हळदीपासून वरातीपर्यंतचं लग्न, ४०० जीबीचे व्हिडिओ उतरवायला धड चालणारी डिस्क तासभर घेते. तीच डिस्क तीन-सव्वातीन तास घेऊ लागली की ती म्हातारी झाली असं समजून नवी मागवली जाते. किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत पहिला संशय डिस्कवर नको, जोडणीवर घ्या.

आधी वेग मोजा. लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवरून २० जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल डिस्कवर कॉपी करा. लहान फाइल घेऊ नका, कारण ती आधी रॅममध्ये जाऊ शकते आणि खोटा वेग दिसतो. विंडोजच्या कॉपीच्या खिडकीत ‘मोअर डिटेल्स’ दाबा आणि पहिलं मिनिट सोडून पुढचा आकडा बघा. बहुतेक वेळा तो आकडाच दुखणं सांगतो.

सेकंदाला १०० ते १३० एमबी दिसत असेल तर खिशात मावणाऱ्या, आत तबकडी फिरणाऱ्या डिस्कसाठी तो चांगला वेग आहे. डिस्क भरत आली की हाच वेग उतरत जातो, कारण शेवटचा डेटा तबकडीच्या आतल्या, लहान वर्तुळांवर लिहिला जातो. त्यात बिघाड काही नाही.

आकडा ३० ते ४० वर अडकून स्थिर राहिला, तर डिस्क वेगवान यूएसबी ३.० ऐवजी जुन्या, संथ यूएसबी २.० वर चालली आहे. याची कारणं अशी तपासत जा.

पोर्ट: यूएसबी ३.० चा पोर्ट बहुधा आतून निळा असतो किंवा त्याच्याशेजारी ‘एसएस’ लिहिलेलं असतं. डेस्कटॉपला पुढचा पोर्ट टाळून मागचा, थेट मदरबोर्डवरचा वापरा. मध्ये हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) नको.

केबल: डिस्कच्या बाजूचं रुंद टोक दोन भागांचं असतं. मोठा भाग यूएसबी २.० चा, शेजारचा लहान भाग ३.० चा. जुन्या मोबाइलची मायक्रो यूएसबी केबल मोठ्या भागात बरोबर बसते, डिस्क चालूही होते, पण वेग २.० चाच मिळतो. टाइप-सी असेल तरी सावध राहा, चार्जरसोबत येणाऱ्या बऱ्याच सी केबल २.० च्याच असतात.

लावण्याची पद्धत: ३.० च्या पाच जादा पिना प्लगमध्ये मागे, खोलवर असतात. प्लग हळूहळू सरकवला तर पुढच्या चार पिना आधी टेकतात आणि संगणक डिस्कला २.० समजून बसतो. डिस्क सुरक्षित इजेक्ट करून काढा आणि एका दमात, सरळ आत घाला. एवढ्यानंच कित्येकदा वेग परत येतो.

आता मिठाचा मुद्दा. पिनांवर हिरवट किंवा काळपट थर दिसला तर डिस्क काढा आणि संगणक बंद करून वीज तोडा. मऊ टूथब्रशवर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब घेऊन प्लग आणि पोर्ट दोन्ही हलक्या हाताने घासा, दहा मिनिटं वाळू द्या. खोबरेल तेल लावू नका, त्यावर तांबडी धूळ चिकटते. पॉलिश पेपर तर नकोच, पिनेवरचा सोन्याचा मुलामा निघतो आणि गंज आणखी वेगाने धरतो.

सुरुवातीला १०० च्या वर आणि काही जीबीनंतर २०-३० वर घसरण होत असेल तर डिस्क एसएमआर जातीची असू शकते. तिच्यात डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, म्हणून एक बदलताना शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. तिला इलाज नाही. थोडं थोडं कॉपी करा आणि मध्ये डिस्क जोडलेली ठेवून विश्रांती द्या.

हजारो फोटोंचा फोल्डरही रांगतो, कारण प्रत्येक फाइलची नोंद वेगळी होते. सेव्हन-झिपमध्ये ‘स्टोअर’ निवडून एकच गठ्ठा करा. जेपेग आणखी दाबले जात नाहीत, त्यामुळे कॉम्प्रेशनवर वेळ घालवू नका.

आकडा शून्यावर जाऊन अडकत असेल किंवा टकटक आवाज येत असेल, तर चाचण्या थांबवा आणि सर्वांत मोलाचा डेटा आधी काढून घ्या. आवाज नसेल तरच क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ०५, सी५ आणि सी६ या खराब जागा मोजणाऱ्या ओळी बघा. तिथले आकडे वाढत असतील तर डिस्क खरोखर संपत आली आहे.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘बेटर परफॉर्मन्स’ (डेटा आधी रॅममध्ये ठेवून मग डिस्कवर लिहिण्याची सोय) निवडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पावसाळ्यात वीज येते-जाते आणि डेस्कटॉपला यूपीएस नाही, अशा घरी तो मानू नका. मोठ्या फाइलींना फायदा थोडा होतो, आणि वीज गेली तर रॅममध्ये थांबलेला डेटा जातो.

मृगापासून दिवाळीपर्यंत डिस्क सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, केबलही त्यातच. एसी खोलीतून दमट पडवीत आणलेली डिस्क अर्धा तास तशीच राहू द्या, मग जोडा.