पाच ते दहा वर्षांच्या मुलांची सॉकर लीग: या चुका टाळा

सुरुवात कानातल्या डुलांपासून करते, कारण दर सीझनच्या पहिल्या शनिवारी रडारड होते ती बहुतेक वेळा यावरूनच.

अमेरिकेत आमच्या गावच्या लीगमध्ये मी सहा वर्षं छोट्यांच्या संघांची स्वयंसेवक कोच आहे. प्रत्येक संघात एक-दोन तरी मुलं मराठी घरची असतात. आईबाबा हौसेने येतात, फोल्डिंगच्या खुर्च्या मांडतात आणि सामना सुरू व्हायच्या आधी रेफरी मुलांना ओळीने उभं करून तपासतात. फुटबॉलच्या नियमावलीतला चौथा नियम दागिन्यांना बंदी घालतो, आणि त्यावर टेप चिकटवली तरी चालत नाही, हेही त्यातच स्पष्ट लिहिलेलं आहे. डूल, सोनसाखळी, चांदीचं कडं, मनगटातले काळे मणी, सगळं काढायला लागतं. सीझन ऑगस्टअखेरीस सुरू होतो, तेव्हा राखीपौर्णिमा नुकतीच झालेली असते. खडे किंवा प्लास्टिकचं फूल असलेली राखीही उतरवावी लागते.

एकदा माझ्या संघातल्या सहा वर्षांच्या मुलीचे कान पंधरा दिवसांपूर्वीच टोचले होते. आईने काळजीपूर्वक पट्टी लावून आणलं होतं. रेफरीने नाही म्हटलं, आणि कानाची जखम अजून ओली असल्याने डूल काढता येईनात. ती पोर नवी जर्सी घालून पूर्ण सामना माझ्या शेजारी बसून राहिली. तेव्हापासून मी नोंदणीच्या वेळीच सांगते: कान टोचायचे असतील तर शरदातला सीझन नोव्हेंबरात संपला की लगेच टोचा. भोक पक्कं व्हायला साधारण सहा आठवडे लागतात, म्हणजे मार्चमधल्या स्प्रिंग सीझनला तासाभरासाठी डूल काढून ठेवता येतात.

‘वाढत्या अंगाचं’ सामान

कपडे वाढत्या अंगाचे घ्यायची आपली सवय चांगली आहे, पण ती सॉकरला लावू नका. आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना तीन नंबरचा चेंडू लागतो, नऊ ते बाराला चार नंबरचा. पाच नंबरचा मोठ्यांचा चेंडू ‘पुढेही उपयोगी पडेल’ म्हणून आणला, तर सहा वर्षांचं मूल तो लाथाडताना पाय दुखवून घेतं आणि चेंडूशी खेळायचं सोडून त्याला घाबरतं. शिन गार्ड (नडगीचं कवच) मापाचेच हवेत आणि ते मोज्याच्या आत पूर्ण झाकलेले हवेत. बेसबॉलचे क्लीट्स (तळाला खुंट्या असलेले बूट) मोठ्या भावाचे उरलेले असतील तर ते चालणार नाहीत, कारण त्यांना अंगठ्यापुढे एक खुंटी असते आणि ती दुसऱ्याच्या नडगीला लागते.

वयोगटाचंही एक लक्षात ठेवा. २०१७ पासून गट जन्मवर्षावर पडत होते, त्यामुळे सप्टेंबर ते डिसेंबरात जन्मलेल्या मुलांना बऱ्याचदा वरच्या इयत्तेतल्या मुलांबरोबर खेळावं लागे. यू.एस. युथ सॉकर आणि एवायएसओ (अमेरिकन युथ सॉकर ऑर्गनायझेशन) या लहान मुलांच्या लीग चालवणाऱ्या मोठ्या संस्थांनी २०२६-२७ च्या हंगामापासून १ ऑगस्ट ते ३१ जुलै असं वर्ष धरायचं ठरवलं आहे. मैत्रिणीने दोन वर्षांपूर्वी सांगितलेल्या गटात नाव घालू नका. तुमच्या लीगचा चालू तक्ता बघा.

मोठ्यांचे नियम छोट्यांना लावणं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि बाकीच्या बहुतेक चुका हिच्यातूनच निघतात. आपण टीव्हीवर विश्वचषक पाहिलेला असतो. मग मैदानावर गोलकीपर दिसत नाही, ऑफसाइड (समोरच्या बचावफळीच्या पुढे थांबून पास घेणं) कुणी देत नाही, हाताने थ्रो-इन करण्याऐवजी मूल पायानेच चेंडू आत ढकलतं, आणि आपल्याला वाटतं की इथे कुणाला नियमच माहीत नाहीत.

नियम आहेत, आणि ते विचार करून बनवलेले आहेत. आठ वर्षांपर्यंतच्या गटात चार विरुद्ध चार खेळतात. मैदान २५ ते ३५ यार्ड लांब. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे लांबीला जेमतेम दीड खेळपट्टी. गोल चार फूट उंच, सहा फूट रुंद. साधारण दहा मिनिटांचे चार भाग. गोलकीपर नाही, ऑफसाइड नाही, पेनल्टी किक नाही, सगळ्या फ्री किक इनडायरेक्ट, म्हणजे त्यावरून थेट गोल धरत नाहीत. अकरा जणांच्या खेळात लहान मुलाच्या पायाला चेंडू अधूनमधून कधीतरी लागतो. आठच मुलं असली की तो सतत लागतो. या वयात शिकायचं ते एवढंच, की चेंडू पायाशी असताना काय करायचं.

म्हणून ‘तू गोलपाशी थांब’ असं मुलाला सांगू नका. ज्या गटात गोलकीपरच नाही तिथे गोलसमोर खांबासारखं उभं राहिलेलं मूल रेफरी पुढे पाठवतात, आणि घरून एक सूचना, मैदानावर दुसरी, यात ते गोंधळून जातं. चेंडूभोवती सगळी मुलं गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तशी गोळा होतात, ते बघून पालक अस्वस्थ होतात. होऊ द्या गोळा. पाच-सहा वर्षांच्या मुलाला चेंडू हवा असतो, म्हणून ते चेंडूकडे धावतं. तिथून त्याला हाकलून मागे उभं केलं तर अख्ख्या सामन्यात ते गवत उपटत बसतं. पांगायला मुलं आपोआप शिकतात. माझ्या संघांत हे साधारण आठव्या वर्षाच्या आसपास व्हायला लागतं.

नऊ-दहा वर्षांच्या गटात सात विरुद्ध सात होतं, गोलकीपर येतो आणि मैदानावर एक जादा रेषा दिसते. ती बिल्ड-आउट लाइन. गोलकीपरच्या हातात चेंडू आला किंवा गोल किक असली की समोरच्या संघाने त्या रेषेमागे जायचं आणि चेंडू खेळात येईपर्यंत थांबायचं. गोलकीपरने चेंडू हातातून सोडून उंच लाथ मारायची नाही. तो घरंगळत द्यायचा, फेकायचा किंवा खाली ठेवून पास करायचा. उंच लाथ मारली तर समोरच्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक. कडेवरून ‘लांब मार रे’ असं जे बाबा ओरडतात, ते आपल्याच संघाला फ्री किकचा भुर्दंड लावत असतात. ऑफसाइडही इथे मधल्या रेषेपासून मोजत नाहीत, बिल्ड-आउट लाइनपासून पुढे मोजतात. यावरून रेफरीशी वाद घालण्याआधी हे आठवा. आणि रेफरीकडे नीट पाहा: रेफरीची परीक्षा तेराव्या वर्षापासून देता येते, त्यामुळे शिट्टी बऱ्याचदा आठवी-नववीतल्या मुलाच्या हातात असते. मोठ्या माणसाने त्याच्यावर आवाज चढवलेला मला अजिबात सहन होत नाही.

डोक्याने चेंडू

दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर मारायला बंदी आहे, सामन्यातही आणि प्रॅक्टिसमध्येही. २०१४ मध्ये काही पालकांनी आणि खेळाडूंनी डोक्याच्या दुखापतींवरून कॅलिफोर्नियात खटला भरला. २०१५ च्या नोव्हेंबरात तो मिटला आणि यू.एस. सॉकर या अमेरिकेतल्या फुटबॉलच्या मुख्य संघटनेने हा नियम आणला. मुलाने मुद्दाम हेडर मारला तर समोरच्यांना इनडायरेक्ट फ्री किक मिळते. चेंडू नकळत डोक्याला लागला तर तो गुन्हा नाही, पण मूल गरगरल्यासारखं वाटलं, नजर हरवल्यासारखी दिसली, तर त्याला बाहेर काढायचं आणि त्या दिवशी परत पाठवायचं नाही. ‘काही नाही झालं, शूर आहेस ना’ हे वाक्य इथे धोक्याचं आहे. घरी अंगणात बाबांबरोबर हेडरची प्रॅक्टिस करून आलेलं मूल मैदानात हमखास तेच करतं, म्हणून घरीही नकोच.

‘माझ्या मुलाला बाहेर का काढलं?’

दर सीझनला हा प्रश्न येतो, आणि विचारणारे बहुधा चांगलं खेळणाऱ्या मुलाचे पालक असतात. एवायएसओ १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात टॉरन्सला सुरू झाली. तिचं पहिलं तत्त्व ‘सगळे खेळणार’ हे आहे: प्रत्येक मुलाला प्रत्येक सामन्यात किमान अर्धा वेळ. इतर रिक्रिएशनल लीगही असाच नियम ठेवतात. तीन गोल मारलेल्या मुलाला मी बसवते तेव्हा ती शिक्षा नसते. ज्याने अजून चेंडूला पाय लावलेला नाही, त्याची पाळी आलेली असते. छोट्या गटांत बऱ्याच लीग गुणतक्ताही ठेवत नाहीत. ‘मग खेळायचं कशाला’ असं एका मुलाच्या आजोबांनी मला एकदा मनापासून विचारलं होतं. मी त्यांना नातवाकडे बघायला सांगितलं. स्कोअर किती झाला हे तो विसरलाही होता, आणि पुढच्या शनिवारला किती दिवस आहेत ते बोटांवर मोजत होता.

कडेवरून सूचनांचा भडिमार थांबवाच. मी इंग्लिशमध्ये ‘वळ’ म्हणते, बाबा मराठीत ‘मार’ म्हणतात, मावशी ‘पास दे’ म्हणते, आणि मूल चेंडू सोडून तुमच्याकडे बघत उभं राहतं. टाळ्या वाजवा, नावाने हाक मारून कौतुक करा, समोरच्या संघाच्या चांगल्या खेळालाही टाळ्या वाजवा. आणि मदत करायची फार इच्छा असेल तर मैदानात थेट उतरू नका. स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवा. पार्श्वभूमी तपासणी आणि मुलांच्या सुरक्षेचं छोटं प्रशिक्षण झाल्याशिवाय मोठ्यांना मुलांबरोबर उभं राहू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

मंडळाचा गणेशोत्सव बहुधा शनिवारी येतो आणि सामनेही शनिवारीच. संघात सहा मुलं असतात. लेझीमच्या तालमीला त्यातली दोन गेली तर बदली खेळाडू उरत नाही आणि चौघं चाळीस मिनिटं न थांबता पळतात. गणपतीच्या तारखा महिनोन् महिने आधी ठाऊक असतात, तेव्हा त्या सीझनच्या सुरुवातीलाच कोचला सांगा. आम्हीही आनंदाने सामना मागेपुढे करून घेतो.

खाऊची पाळी आली की चिक्की आणि शेंगदाण्याचे लाडू आणू नका. ते मला स्वतःला किती आवडतात ते माहीत असूनही सांगते. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल दुसऱ्याच्या हाताला लागलेल्या कणानेही आजारी पडू शकतं. संत्र्याच्या फोडी आणा.

गोलच्या आडव्या दांडीला मुलांना लटकू देऊ नका. हलवता येणारे गोल उलटून मुलं दगावलेली आहेत. गोल जमिनीला खिळवलेला किंवा वजनाने दाबलेला नसेल तर कोचला तिथल्या तिथे सांगा. आणि ढग गडगडले की खेळ बंद. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून ३० मिनिटं मोजायची, मध्ये पुन्हा ऐकू आला की पहिल्यापासून. तोवर झाडाखाली किंवा मांडवाखाली थांबायचं नाही, मुलांना घेऊन गाडीत बसायचं, काचा वर करून.