परदेशात व्हीलचेअरला चालणारं भाड्याचं घर शोधताय? या चुका टाळा

पासपोर्ट झाला, व्हिसा झाला, नोकरीचं पत्र हातात आलं, की आपल्या लातूर-नांदेडकडची मंडळी घराचा विषय शेवटच्या पंधरा दिवसांत काढतात. धडधाकट माणसाला ते परवडतं. मित्राच्या हॉलमध्ये गादी टाकून महिना निघतो. पण घरातलं कुणी व्हीलचेअरवर असेल, पोलिओमुळे कॅलिपर लावत असेल, पोराला सेरेब्रल पाल्सी असेल, तर त्या मित्राच्या दारातच तीन पायऱ्या असतात आणि संडासाच्या दारातून खुर्ची आत जात नाही. तरी दरवेळी तेच उत्तर येतं: "आधी पोचू, मग बघू." पोचल्यावर मग बाथरूममध्ये उचलून न्यायला दोन माणसं शोधत बसायचं.

खुर्ची न मोजताच घर बघायला लागणं

घराच्या जाहिराती उघडायच्या आधी टेप घ्या आणि खुर्ची मोजा. सीट मोजू नका. एका चाकाच्या, हातानं फिरवायच्या बाहेरच्या रिमपासून दुसऱ्या बाजूच्या रिमपर्यंत मोजा. आपल्याकडची १८ इंची सीटची साधी घडीची खुर्ची बाहेरून २५-२६ इंच भरते, म्हणजे ६४ ते ६६ सेंटीमीटर. माणूस स्वतः चाकं फिरवत असेल तर बोटांसाठी दोन्ही बाजूंना चार-पाच सेंटीमीटर सोडा. मागच्या चाकापासून पायटाच्या, म्हणजे पाय ठेवायच्या पट्टीच्या, टोकापर्यंतची लांबी लिहा आणि बसल्यावर गुडघा जमिनीपासून किती उंच येतो तेही लिहा. बेसिन आणि ओट्याखाली पाय जाणार की नाही, हे त्या शेवटच्या आकड्यावर ठरतं. हे सगळं इंच आणि सेंटीमीटर दोन्हींत एका कागदावर उतरवा.

दार मोजतानाही गफलत होते. घरमालक पल्ल्याची, म्हणजे दाराच्या फळीची, रुंदी सांगतो. आपल्याला हवी असते ती दार काटकोनात उघडल्यावर पल्ला आणि समोरची चौकट यांच्यामध्ये उरलेली मोकळी जागा. जर्मनीत पल्ल्याची ठरलेली मापं असतात: ६१, ७३.५, ८६ आणि ९८.५ सेंटीमीटर. त्यातून पाचेक सेंटीमीटर वजा करा. म्हणजे ७३.५ च्या दारातून ६६ ची खुर्ची कागदावर जाते, प्रत्यक्षात बोटांची सालं निघतात. ६१ चं दार असेल तर विषयच संपला, आणि जुन्या इमारतींत तेच दार नेमकं बाथरूमला असतं. अमेरिकेतही जुन्या घरांत बाथरूमला २४ किंवा २८ इंची दार सर्रास सापडतं.

दोन-तीन सेंटीमीटरसाठी अडत असेल तर घर लगेच सोडू नका. ऑफसेट बिजागरी मिळते. ती लावली की उघडलेलं दार चौकटीच्या बाहेर सरकतं आणि दीड-दोन इंच मोकळे होतात. परवानगी घेऊन लावा आणि जुन्या बिजागऱ्या स्क्रूसकट पिशवीत बांधून ठेवा. घर सोडताना परत बसवायच्या असतात.

"लिफ्ट आहे" एवढ्यावर सही करणं

ही चूक इतक्यांदा होते की आता ऐकूनच डोकं उठतं.

परभणीच्या एका इंजिनिअरला जर्मनीत नोकरी लागली. अपघातात मणक्याला मार बसलेला, खुर्ची कायमची. जाहिरातीत चौथा मजला आणि लिफ्ट असं लिहिलेलं. तिथंच राहणारा मावसभाऊ घर बघून आला, "एक नंबर आहे" म्हणाला आणि व्हिडिओ पाठवला. व्हिडिओ सुरू होत होता थेट हॉलमधून. करार झाला, डिपॉझिटचा पहिला हप्ता गेला. सामानासकट पोचल्यावर कळलं, की लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे, जिन्याच्या लँडिंगवर थांबते. पुढं नऊ पायऱ्या. मावसभाऊ त्याच नऊ पायऱ्या चढून वर गेला होता. चालत्या माणसाच्या त्या ध्यानातच राहत नाहीत. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही, त्याला काय बघायचं ते कुणी सांगितलंच नव्हतं.

असं का होतं, ते समजून घ्या. युरोपातल्या शंभरेक वर्षांच्या इमारतींत लिफ्ट मागाहून बसवलेली असते. दारांसमोर जागा नसते, म्हणून ती जिन्याच्या बाजूनं किंवा अंगणाच्या भिंतीला लावतात आणि मग ती अर्ध्या मजल्यावरच थांबू शकते. जाहिरातीत "लिफ्ट" लिहिणारा खोटं बोलत नसतो. पुढचं महाग पडलं ते करारामुळे. जर्मनीत भाडेकरूला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि पुष्कळ करारांत ठरावीक काळ घर न सोडण्याची अट असते. या इंजिनिअरच्या करारातही वर्षाची अट होती. मालकाला नवा भाडेकरू पसंत पडेपर्यंत चार महिने दोन घरांचं भाडं भरलं.

म्हणून लिफ्टबद्दल चार प्रश्न लिहून विचारा. लिफ्ट घराच्या दाराच्या पातळीला थांबते का? रस्त्यावरून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत? आतली लांबी-रुंदी आणि दाराची मोकळी जागा किती? लिफ्ट एकच आहे की दोन? जर्मन मानकात लिफ्ट आतून ११० बाय १४० सेंटीमीटर आणि दार ९० असतं. जुन्या लिफ्टमध्ये यातलं काहीच नसतं, पायटं काढूनही खुर्ची मावत नाही. एकच लिफ्ट असेल तर ती बंद पडली त्या दिवशी तुम्ही घरात अडकलात, हे धरून चाला.

आणि जो कुणी घर बघायला जाणार, त्याला व्हिडिओ रस्त्यापासून सुरू करायला सांगा. फुटपाथ, गेट, मुख्य दार, लिफ्ट, घराचं दार, पॅसेज, बाथरूम, कमोड. मधे व्हिडिओ कापायचा नाही. प्रत्येक उंबऱ्यापाशी आणि दारापाशी थांबून टेप लावून आकडा दाखवायचा. टेप नसेल तर ए-४ कागद जमिनीवर टाकायचा, तो २१ बाय २९.७ सेंटीमीटर असतो. २१ ची बाजू दाराच्या रुंदीत धरून शेजारी-शेजारी चार कागद मावले तर ८४ सेंटीमीटर आहेत. "मोठं आहे, जाईल आरामात" हे उत्तर घेऊ नका. आकडा घ्या.

मजल्याचा गोंधळ

अमेरिकेत फर्स्ट फ्लोअर म्हणजे आपला तळमजला. ब्रिटन-जर्मनीत आपल्यासारखंच, पहिला म्हणजे वरचा. जर्मन जाहिरातीत "होखपार्टेरे" दिसलं की तळमजला समजून नाचू नका, तो जमिनीपासून अर्धा मजला वर असतो आणि दारापर्यंत चार ते आठ पायऱ्या असतात. कॅनडात स्वस्त म्हणून ओळखीतून जे बेसमेंट मिळतं, तिथं बहुधा बाहेरूनच अरुंद जिना खाली उतरतो, हिवाळ्यात त्यावर बर्फ. ते सोडाच.

रॅम्पचं गणित न करणं

"दोन-तीन पायऱ्या आहेत, रॅम्प टाकू." टाका, पण आधी हिशोब करा. मान्य उतार १ ला १२ असतो, म्हणजे एक इंच उंचीला एक फूट लांबी. सात इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे २१ इंच, म्हणजे २१ फुटांचा रॅम्प. तो फुटपाथ ओलांडून रस्त्यावर जाईल. एका सहा इंची पायरीला सहा फुटांचा घडीचा ॲल्युमिनियमचा रॅम्प चालतो, त्याहून जास्त असेल तर दुसरं घर बघा. तीव्र उताराच्या रॅम्पवर खुर्ची ढकलणारा दमतो, पावसात घसरतो आणि खुर्ची मागं कलंडते. दोन-तीन सेंटीमीटरच्या उंबऱ्याला रबरी पाचर पुरते.

बाथरूमकडं शेवटी बघणं

घर बघणाऱ्याची नजर हॉल, खिडकी, ओटा अशी फिरते. खरं तर बाथरूम आधी बघावं आणि ते जमत नसेल तर बाकीचं घर बघूच नये. व्हीलचेअरसाठी घेतलेली पुष्कळ भाड्याची घरं बाथरूममुळेच फसतात.

पहिली अडचण टबची. टबची कड सव्वा-दीड फूट उंच असते आणि आपल्या माणसाला स्टुलावर बसून बादली-मगानं आंघोळ करायची सवय. टब असेल आणि घर बाकी उत्तम असेल, तर ट्रान्स्फर बेंच घ्या. तिचे दोन पाय टबाच्या बाहेर आणि दोन आत राहतात. खुर्चीवरून बेंचवर सरकायचं, मग पाय उचलून आत घ्यायचे. सोबत लांब नळीचा हँड शॉवर. हे सगळं भिंतीला भोक न पाडता होतं. पण बेंचशेजारी खुर्ची लावायला जागा लागते, ती व्हिडिओत दिसली पाहिजे. खुर्ची जागेवर वळायची तर १५० बाय १५० सेंटीमीटर मोकळे हवेत.

दुसरी अडचण पाण्याची, आणि ती जाण्यापूर्वी कुणी सांगत नाही. आपल्या न्हाणीत कुठंही पाणी ओता, मोरीतून जातं. तिकडच्या साध्या बाथरूममध्ये टब किंवा शॉवरच्या बाहेर जमिनीला निचराच नसतो. खाली स्टूल ठेवून आंघोळ घातली की पाणी फरशीच्या फटींतून खालच्या घराच्या छताला उतरतं आणि बिल तुमच्या नावावर येतं. पूर्ण जमिनीला उतार आणि निचरा असलेलं बाथरूम हवं असेल तर इंग्लंडात "वेट रूम" असं शोधा. अमेरिकेत "रोल-इन शॉवर", जर्मनीत "बोडनग्लायशे डुशे" म्हणजे कड नसलेला, जमिनीच्या पातळीचा शॉवर.

तिसरी अडचण धरायच्या दांड्याची. आपली भिंत विटांची, गवंड्यानं ड्रिल मारलं की झालं. तिकडं भिंत बऱ्याचदा जिप्समच्या पाट्यांची असते आणि आत लाकडी खांब, अमेरिकेत साधारण १६ इंचांवर. दांडा खांबात किंवा मागं टाकलेल्या लाकडी आधारात घट्ट बसला तरच माणसाचं वजन झेलतो. नुसत्या पाटीत मारलेला दांडा पहिल्या जोरदार ओढीला प्लास्टरसकट हातात येतो. व्हॅक्यूमच्या रबरी कपांचा दांडा तर तोल सावरण्यापुरताही धरू नका. स्वस्त मिळतो म्हणून लोक तोच आणतात आणि मग हाड मोडून घेतात.

"परदेशात कायदा कडक आहे, मालक करून देईल"

कायदा आहे, पण खर्च कुणाचा ते देशागणिक वेगळं. अमेरिकेत भाडेकरूला घरात वाजवी बदल करायचा हक्क आहे, पण खाजगी घरात पैसे बहुधा भाडेकरूनंच घालायचे. सरकारी निधीच्या घरांत मालकावर जबाबदारी येते. तिथल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात दहा किंवा अधिक घरांच्या इमारतीत वाजवी बदलांचा खर्च मालकाकडं जातो. जर्मनीत डिसेंबर २०२० पासून नागरी कायद्याच्या कलम ५५४ खाली परवानगी मागता येते, खर्च तुमचा आणि घर पूर्ववत करून द्यायचं तेही तुमचंच. इंग्लंडात मालकानं भिंती पाडून द्याव्यात अशी सक्ती नाही. नळ, दाराची मूठ, बेल असल्या वस्तू बदलून मागता येतात.

त्यापेक्षा इमारतीचं वय विचारा, शोध निम्मा होतो. अमेरिकेत १३ मार्च १९९१ नंतर पहिल्यांदा वापरात आलेल्या, चार किंवा जास्त घरांच्या इमारतीत लिफ्ट असेल तर सगळी घरं आणि नसेल तर तळमजल्याची घरं ठरावीक नियमांत बसावी लागतात: रुंद दारं, पोचतील असे स्विच, बाथरूमच्या भिंतीत दांड्यासाठी आधीच टाकलेला आधार. दुमजली टाउनहाऊस, लिफ्ट नसेल तर, यातून सुटतं. इंग्लंडात १९९९ पासून नव्या घरांना विनापायरी प्रवेशाचा नियम लागला. व्हिक्टोरियन काळातल्या रांगेच्या घरांत दाराशी बहुधा पायरी असते आणि बाथरूम बऱ्याचदा वर असतं. जर्मन मानकात "बारिएरेफ्राय" (अडथळामुक्त) घराला आतली ८० सेंटीमीटरची दारं पुरतात, "रोलश्टूलगेरेश्ट"ला (व्हीलचेअरला चालणारं) ९० लागतात. खुर्चीवाल्यानं "रोलश्टूलगेरेश्ट"च शोधावं. असली पुष्कळ घरं सरकारी पात्रता दाखल्यावरच मिळतात, ती नव्यानं आलेल्याला लगेच मिळत नाहीत.

परवानगी जी मिळेल ती ईमेलवर घ्या. एजंटचं फोनवरचं "नो प्रॉब्लेम" घर सोडायच्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

बाकीच्या, एकेका ओळीच्या

घर न बघता, न दाखवता पैसे मागणारा मालक, "मी बाहेरदेशी आहे, चावी कुरिअरनं पाठवतो" म्हणणारा, हा चोर आहे.

डिपॉझिटची मर्यादा माहीत ठेवा: इंग्लंडात वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर पाच आठवड्यांचं भाडं; जर्मनीत हीटिंग वगैरे वगळून तीन महिन्यांचं, तेही तीन हप्त्यांत; कॅनडातल्या ओंटारिओत फक्त शेवटच्या महिन्याचं भाडं, मोडतोडीचं वेगळं डिपॉझिट नाही.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे आपलं अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, तिकडं चालत नाही. सिव्हिल सर्जनचं प्रमाणपत्र आणि डॉक्टरांचं इंग्रजी पत्र न्या.

एजंटला "हँडिकॅप फ्रेंडली घर हवं" असं लिहू नका. "रस्त्यापासून कमोडपर्यंत एकही पायरी नको, दारं किमान ८० सेंटीमीटर" असं लिहा. उत्तरं कमी येतील, पण कामाची येतील.

इलेक्ट्रिक खुर्चीचा चार्जर १००-२४० व्होल्टचा आहे का, ते लेबलवर वाचा. आपला नुसता २३० चा असेल तर अमेरिकेत नवा घ्यावा लागेल. खुर्ची सामाईक पॅसेजमध्ये चार्जिंगला लावता येईल हे गृहीत धरू नका, आगीच्या नियमांमुळे बऱ्याच इमारतींत मनाई असते.

पहिले तीन-चार आठवडे हॉटेलात किंवा सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये काढा, त्याचा खर्च आधीच धरा. तिथंही "ॲक्सेसिबल रूम" म्हणजे रोल-इन शॉवर की नुसता दांडा लावलेला टब, हे बुकिंगआधी लेखी विचारा. मग घराच्या दारापर्यंत स्वतः खुर्ची नेऊन, आत वळवून, कमोडशेजारी लावून बघा आणि नंतरच सही करा. चावी मिळेल त्या दिवशी दारांच्या चौकटींचे फोटो तारखेसकट काढून एजंटला ईमेल करा. चाकांचे ओरखडे आधीपासून होते की तुमच्यामुळे पडले, हा वाद डिपॉझिट परत घेताना हमखास निघतो.