ड्रॅगन्स डॉग्मा खेळायचीय? मग पायी चालायची तयारी ठेवा

मावसभावाचा परभणीहून फोन आला, दादा तू सांगितलेली गेम घेतली पण दोन तासांत तीनदा मेलो, रात्र झाली की काहीच दिसंना, सोबतचे सारखं बडबड करायलेत, डिलीट करू का. मी म्हणलं थांब, एवढ्यात करू नको. मग त्याला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहायलो, कारण ही गेम सोडून देणारे बहुतेक जण याच जागी सोडतात.

गेम म्हणजे ड्रॅगन्स डॉग्मा, डार्क अरायझन, सोबती घेऊन मोठ्या मुलखात फिरत राक्षस मारायची गेम. कॅपकॉम या जपानी कंपनीनं मूळ गेम 2012 ला काढली, 2013 ला डार्क अरायझन हे वाढवलेलं रूप आलं आणि पीसीवर जानेवारी 2016 ला. मी त्याच उन्हाळ्यात खेळलो, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलं होतं तेव्हा, टँकरची वाट बघत रात्र रात्र जागावं लागायचं आणि त्या जागरणात ही गेम. साध्या पीसीवर चालते, सेलमधी लै स्वस्तात मिळते.

दोष आधीच सांगतो. स्टोरी मधी मधी पार पातळ होते, नकाशाचा बराच भाग रिकामा आहे, त्याच वळणावर तेच गॉब्लिन परत परत उभे असतात आणि चालणं म्हणजे चालणंच, घोडा नाही. पण एक ध्यानात घ्या, आमच्या गल्लीतली पोरं कोजागिरीला तुळजापूरला पायी जातात तेव्हा आधी काय बघतात? ओझं कमी, सोबत चांगली, पहाटे निघायचं, अंधाराआधी मुक्काम गाठायचा. ही गेम अगदी तशीच खेळायची, बाकीच्या गेमसारखं कुठंही कधीही पळत सुटलात तर मरताल.

ओझ्याचं बघा. सुरुवातीला कॅरेक्टर बनवताना शरीर जसं ठेवताल तसा फरक पडतो, धिप्पाड माणूस जास्त वजन उचलतो, बारक्याचा स्टॅमिना, म्हणजे दम, लवकर भरून येतो. पहिल्यांदा खेळताना मधलं अंग ठेवा. दिसंल ते उचलायची सवय मोडा, वजन वाढलं की स्टॅमिना झपाझप संपतो अन् ऐन लढाईत माणूस धापा टाकत उभा राहतो. सराईत गेलं की फालतू सामान स्टोरेजमधी टाका. मटण, मासे जवळ साठवून ठेवू नका, सडतात.

रात्र. देवगिरी किल्ल्यातली अंधारी बघितली असंल तर कळंल, हातात उजेड नसला की पुढचं पाऊल दिसत नाही, इथली रात्र तशीच. कंदील लावायचा, तेलाच्या दोन-तीन बाटल्या जास्तीच्या ठेवायच्या, आणि पाण्यात उतरलं की कंदील विझतो हे विसरायचं नाही. खोल पाण्यात तर ब्राइन नावाचं काहीतरी लाल लाल आहे ते ओढूनच घेतं, पोहणं हा प्रकारच नाही. पहिले दहा-बारा लेव्हल रात्री बाहेर पडूच नका, सराईत झोपा अन् सकाळी निघा.

सेव्हचं लै महत्त्वाचं. सेव्ह स्लॉट एकच आहे. निघायच्या आधी, मोठ्या लढाईआधी मेनूत जाऊन स्वतः सेव्ह करायचं, आपल्याकडं लाईटचा काय भरोसा. मेल्यावर गेम विचारते, शेवटच्या सेव्हवरून का चेकपॉइंटवरून, तिथं नीट वाचा, चेकपॉइंट म्हणजे बहुतेक वेळा मागं सराईत झोपला होतात ती जागा, घाईत बटण दाबलं तर दोन दोन तासांची मेहनत जाते. माझी गेलीय.

आता सोबत, आणि खरी गेम इथंच आहे. तुमच्यासोबत तीन पॉन, म्हणजे गेमच चालवते असे साथीदार, असतात, एक तुम्ही स्वतः बनवलेला, दोन भाड्याचे, ते दुसऱ्या खेळाडूंनी बनवलेले. नेट नसलं तरी गेमचे स्वतःचे पॉन मिळतात. तुमच्या लेव्हलचा किंवा खालचा पॉन फुकट असतो, वरच्याला रिफ्ट क्रिस्टल, म्हणजे गेममधलं एक चलन, मोजावे लागतात. पण भाड्याच्या पॉनची लेव्हल वाढत नाही, म्हणून माया लावून बसू नका, चार-पाच लेव्हल झाले की बदला. स्वतःचा पॉन मेज, म्हणजे जादूगार, ठेवा असं माझं मत, तो जखमा भरतो आणि तुमच्या तलवारीला आग, बर्फ, पवित्र शक्ती लावून देतो, ही शक्ती नसली तर भुतांवर नुसत्या लोखंडाचा काही उपयोग नाही. तुम्ही स्वतः स्ट्रायडर या पेशापासून सुरू करा, खंजीर आणि धनुष्य दोन्ही मिळतं. लेव्हल 10 झाली की ग्रॅन सोरेन शहरातल्या सराईत पेशा बदलता येतो, असॅसिन, मॅजिक आर्चर असे मिश्र पेशे फक्त तुम्हाला, पॉनला नाहीत.

पॉन सारखे बोलतात हे खरंय, सेटिंगमधी बडबड बंद करता येते, पण लगेच करू नका. ज्या पॉननं तो राक्षस आधी मारलाय त्याला त्याची दुखरी जागा माहीत असते, तो तसं ओरडून सांगतो अन् तशीच लढाई करतो. सराईतल्या ज्ञानाच्या खुर्चीवर बसून पॉनला कसं वागायचं ते सांगता येतं. गार्डियन स्वभाव मात्र येऊ देऊ नका, तो तुमच्याच भोवती घुटमळत बसतो.

आणि लढाई! सायक्लॉप्स, म्हणजे एकडोळ्या राक्षस, दिसला की पायाला काय खंजीर मारत बसता, पकडायचं बटण दाबून अंगावर चढा, वर जाऊन डोळ्यात घाव घाला. चढताना स्टॅमिना संपत असतो, संपायच्या आत स्वतःच खाली उडी मारा. कायमेराची आधी सापाची शेपटी तोडा, ती विष टाकते, मग बकरीचं डोकं, ते मंत्र टाकतं, सिंह सगळ्यात शेवटी. सॉरियन म्हणजे त्या पालींची शेपटी तोडली की ते ढिले पडतात. ग्रिफिनचे पंख पेटवा, आपोआप खाली कोसळतो. मी एकदा त्याच्या पाठीला धरून होतो तवर तो उडाला, खाली अख्खं रान दिसायलं, वर मेज आगीचा मंत्र म्हणायला, त्या रात्री टँकर आला तेव्हा मला हाक मारलेली ऐकू आली नाही. असलं दुसऱ्या कुठल्या गेममधी मला तरी मिळालं नाही.

क्वेस्टचं, म्हणजे गेम देते त्या कामांचं, थोडक्यात, फलकावरच्या छोट्या क्वेस्ट मुख्य क्वेस्ट पुढं नेण्याआधी उरका, बऱ्याच नंतर बंद होतात. माणसाला सोबत नेऊन पोचवायच्या क्वेस्ट लांबच्या असतील तर घेऊच नका. स्टोरेजमधी कायमचा फेरीस्टोन असतो, त्यानं एका क्षणात शहरात परत येता येतं, पण जाताना पायीच जा, रस्ते पाठ होतात. आणि दुकानदाराकडं सारखं जाल तर त्याची जवळीक वाढते, शेवटी गेम तुमच्या जवळचं माणूस म्हणून त्यालाच पुढं करते, हा दोष खरा आहे, म्हणून ज्याच्याशी नातं ठेवायचंय त्याला भेटवस्तू देत राहा.

शेवटचं, कॅसार्डिस गावात रात्री धक्क्यावर ओल्रा नावाची बाई उभी असते, ती बिटरब्लॅक बेटावर नेते. गेममधलं सगळ्यात भारी ठिकाण तेच, पण लेव्हल 50 च्या आत जाऊ नका. चुकून गेलात अन् जमंना तर लढत बसू नका, परत या, ती बाई कुठं जात नाही.